दारापर्यंत जाणारा कायदा

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असे विद्यालयाचे पत्र आले तेव्हा आम्ही वसतिगृहाच्या आठवणी लिहिण्याचे ठरवले होते. आम्ही म्हणजे एकाच तुकडीचे पाच माजी विद्यार्थी. पहाटेची घंटा, हौदावरचे गार पाणी, वंदनेनंतर ओळीने मांडलेली ताटे, परीक्षेच्या दिवसांत व्हरांड्यातल्या एकाच दिव्याखाली दाटीवाटीने केलेला अभ्यास, हे सारे प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या मनात आहे आणि या ग्रंथात इतरांच्या लेखणीतून ते येईलच. आमची आठवण मात्र लिहिता लिहिता कबुलीजबाबाच्या वळणावर गेली. तिच्यावर पांघरूण घालण्यापेक्षा ती आहे तशी मांडावी, असे आमचे एकमत झाले.

आमच्या तुकडीत एक मित्र होता. लहानपणीच्या पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेले होते. वसतिगृहाचे जोते अडीच फूट उंच होते, आमचा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि शौचालये मैदानाच्या पलीकडे होती. त्याला पाठीवर घेऊन वर नेण्याच्या पाळ्या आम्ही लावल्या होत्या. एकही पाळी कधी चुकली नाही. प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी एकदा सर्वांसमोर आमचे कौतुक केले. करुणा पुस्तकात वाचण्याची गोष्ट नसून आचरण्याची आहे, आणि ही मुले ती आचरत आहेत, असे ते म्हणाले. त्या दिवशी आमची मान किती ताठ झाली होती, ते आजही आठवते.

अनेक वर्षांनी एका स्नेहमेळाव्यात आम्ही हीच गोष्ट रंगवून सांगत होतो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "अरे, सकाळी उठल्यापासून दुपारची सुट्टी होईपर्यंत मी पाणी पीत नसे, हे ठाऊक आहे का तुम्हांला? पाणी प्यायलो तर मध्येच खाली न्यायला सांगावे लागेल. तुमच्यापैकी कोणी कधी नाही म्हणाले नाही. म्हणूनच सांगायची लाज वाटे."

आमच्यापैकी कोणाला काही बोलता आले नाही. चार वर्षे आम्ही त्याला उचलले; पण आपला वर्ग खाली आणा, असा अर्ज चौघांच्या सहीने मुख्याध्यापकांना द्यावा, हे एकदाही सुचले नाही. खालच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एकीत जुनी बाके रचून ठेवलेली असत.

या प्रसंगानंतर मदत आणि हक्क यांतला फरक नेमका कोठे आहे, याचा विचार आमच्या मनातून गेला नाही. त्या शोधात आमच्यापैकी एकाने दूरच्या देशातील एका लोकप्रतिनिधीच्या कामाची माहिती मिळवली आणि ती आम्हा सर्वांना सांगितली. त्या माणसाचे नाव ॲल्फ मॉरिस. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मजूर पक्षातर्फे ते १९६४ पासून १९९७ पर्यंत मँचेस्टरच्या विदनशॉ मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. त्यांनी केलेला कायदा परका असला तरी त्यामागचे दुःख आपल्या ओळखीचे आहे, म्हणून ते येथे थोडे विस्ताराने सांगतो.

मॉरिस यांचा जन्म मँचेस्टरच्या अँकोट्स भागातला. कापडगिरण्यांच्या आसपास वाढलेली ही गरीब कामगारवस्ती. मुंबईच्या गिरणगावातील चाळींत ज्यांचे बालपण गेले त्यांना तिचे वर्णन करून सांगायला नको. वडील पहिल्या महायुद्धात जायबंदी होऊन परतले होते आणि ॲल्फ लहान असतानाच ते वारले. मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. घरात अपंग माणूस असतो तेव्हा त्याच्याबरोबर सगळे घरच कसे अडून बसते, हे या मुलाने अहवालात वाचलेले नव्हते; ते त्याने पाहिले होते.

ब्रिटिश संसदेत मंत्री नसलेल्या सदस्यांना विधेयक मांडण्याची संधी चिठ्ठ्या काढून दिली जाते. नोव्हेंबर १९६९ मध्ये पहिली चिठ्ठी मॉरिस यांची निघाली. अशा वेळी सोपा, बिनवादाचा विषय घेऊन नाव मिळवून जाण्याचा मार्ग कोणालाही मोकळा असतो. त्यांनी दीर्घकाळ आजारी असलेल्या आणि अपंग व्यक्तींचा विषय घेतला. वेळ थोडा होता. पार्लमेंटची मुदतही संपत आली होती. तरी पक्षभेद बाजूला ठेवून दोन्ही बाजूंचे सदस्य मदतीला आले. हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये तर या विधेयकावर चाकाच्या खुर्चीतून आलेले सदस्यही बोलले. २९ मे १९७० रोजी त्याला राजसंमती मिळाली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १८ जूनला, सार्वत्रिक निवडणूक झाली आणि सरकार बदलले. विधेयक थोडे जरी रेंगाळले असते तरी ते जुन्या पार्लमेंटबरोबरच बुडाले असते.

या यशाचे सगळे श्रेय एका सदस्याला देणे मात्र अन्यायाचे होईल. १९६५ मध्ये मेगन द्यू बॉइसन या अपंग गृहिणीने आपल्या मैत्रिणीसह अपंगांच्या उत्पन्नाच्या प्रश्नावर संघटना उभी केली होती. तिचा सवाल साधा होता. नोकरीवर असताना अपंगत्व आले तर काही ना काही मिळते, मग घर सांभाळणाऱ्या बाईला ते आले तर काहीच का नाही? १९६९ मध्ये मोटार अपघातात तिचे निधन झाले. कायदा झालेला तिने पाहिला नाही. लोकप्रतिनिधी सभागृहात बोलतो तेव्हा त्याच्यामागे अशी माणसे असावी लागतात. ती नसतील तर चिठ्ठी निघूनही उपयोग नसतो.

या कायद्यात पुष्कळ गोष्टी आहेत: घरात मदतनीस, घरपोच जेवण, दूरध्वनी, प्रवासाची सोय, सार्वजनिक इमारतींचे प्रवेशमार्ग आणि शौचालये, शाळा व विद्यापीठांच्या इमारती, अपंगांच्या मोटारींसाठी ओळखचिन्ह. यांतले एकेक कलम वाचताना आज विशेष वाटत नाही. आम्हांला थांबवले ते पहिल्याच कलमाने. आपल्या हद्दीत अशा व्यक्ती किती आहेत आणि त्यांच्या गरजा कोणत्या आहेत, याची माहिती स्थानिक प्राधिकरणाने स्वतः करून घेतली पाहिजे, असे ते कलम सांगते. एखादी व्यक्ती एका सेवेसाठी आली, तर तिच्या गरजेशी संबंधित इतर सेवांची माहितीही तिला मिळाली पाहिजे, असेही त्यात आहे.

वाचकहो, हे कलम क्षणभर आपल्या तालुक्याच्या कचेरीत आणून पाहा. दाखला कोठे मिळतो, त्यासाठी कोणता वार, कोणती खिडकी, कोणते छायाचित्र, उत्पन्नाचा दाखला कोणाकडून, ओळखपत्रासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात कधी जायचे, हे सारे शोधून काढण्याची जबाबदारी ज्याला चालता येत नाही त्याच्यावर आणि त्याच्या म्हाताऱ्या आईवर असते. १९७० च्या त्या कलमाने ही दिशा उलटी केली. माणसाने कचेरी शोधायची नाही. कचेरीने माणूस शोधायचा. ज्याची दखल घेतली जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात पैसा ठेवला जात नाही आणि पैसा नाही म्हणून त्याची दखल घेतली जात नाही, ही जुनी साखळी कोठेतरी तुटायची तर ती येथेच तुटते. त्या सुमारास झालेल्या सरकारी पाहणीत घरोघरी राहणाऱ्या अशा प्रौढांची संख्या तीस लाखांच्या घरात निघाली. एवढी माणसे त्या प्रगत देशात बंद दारांमागे होती.

दुसरे कलम, ज्यावर आम्ही आपसात बराच वेळ बोललो, ते घरांविषयीचे. गृहनिर्माणाची जबाबदारी असलेल्या प्राधिकरणाने आपल्या भागातील घरांची गरज ठरवताना दीर्घ आजारी आणि अपंग व्यक्तींच्या विशेष गरजा विचारात घ्याव्यात. आणि मंत्र्यांकडे घरांचे प्रस्ताव पाठवताना अशा सोयींची घरे त्यात वेगळी दाखवावीत. यात एकही रुपया, म्हणजे पौंड, देण्याचे वचन नाही. केवळ घर बांधण्याच्या आधी विचार करण्याची सक्ती आहे. आम्ही या 'आधी'ला फार महत्त्व देतो. त्याचे कारण आपल्या घरकुलांकडे पाहिले की कळते.

रमाई आवास योजनेतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना मिळणारे घरकुल २६९ चौरस फुटांचे. चौकोनी धरले तर त्याची बाजू साडेसोळा फुटांच्या आसपास येते. आता पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते दीड फूट उंच घेतले, असे समजू. चाकाच्या खुर्चीला सुरक्षित असा रॅम्प एक फूट उंचीला बारा फूट लांबी, या प्रमाणात लागतो. दीड फुटाला अठरा फूट. म्हणजे घरापेक्षा रॅम्प लांब! अंगण नसलेल्या वस्तीत तो काढायचा कोठे? दार अरुंद, न्हाणीघराचे दार त्याहून अरुंद, आणि शौचालय घरामागे दोन पायऱ्या चढून. घर मिळाले, पण ज्या मुलीच्या नावाने वस्तीने अर्ज केला, ती त्या घरात दुसऱ्याच्या कडेवरच जाणार. असे घर आमच्या पाहण्यात आहे. मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे आणि तिच्या आईची कंबर गेली आहे.

यावर उपाय अवघड नाही. जोते कमी ठेवून बाजूने मुरमाचा भराव द्यावा, पाणी वळवण्यासाठी चर काढावा, दार तीन फुटांचे घ्यावे, शौचालय घराला जोडून आणि त्याच पातळीवर घ्यावे. खर्चात पडणारा फरक किरकोळ. पण हे सारे पाया खोदण्यापूर्वीच ठरावे लागते. घर उभे राहिल्यावर तेच काम दुप्पट पैशांचे होते, आणि बहुधा होतच नाही. पाया खोदण्यापूर्वी ठरवायचे, तर त्या घरात कोण राहणार आहे हे ग्रामपंचायतीला आधी ठाऊक हवे. मॉरिस यांच्या कायद्यातले पहिले कलम आणि घराचे कलम अशी एकमेकांत गुंतलेली आहेत.

आपल्याकडे कायदा नाही, असे कोणी समजू नये. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी लोकसाहाय्याच्या हक्काची तरतूद करण्याचे कर्तव्य राज्याला सांगितले आहे. १९९५ चा अपंगांविषयीचा कायदा सात प्रकार मानत होता. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम एकवीस प्रकार मानतो. विदर्भातल्या कितीतरी घरांना ठाऊक असलेला सिकलसेलही आता त्यात आहे. या अधिनियमाच्या ३७ व्या कलमाने शेतजमीन आणि घरांच्या वाटपात पाच टक्के आरक्षण ठेवले आहे. चोविसाव्या कलमात तर असे म्हटले आहे की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना दिली जाणारी रक्कम इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त असावी. अपंग माणसाला तेवढेच आयुष्य जगायला जास्त खर्च येतो, हे साधे सत्य या कलमाने मान्य केले.

प्रत्यक्षात काय झाले? केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेतील अपंगांसाठीचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपयांवर थांबलेला आहे, आणि तोही ८० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांनाच. संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२३ मध्ये १५०० रुपये झाली, तेव्हाही निराधार विधवेला आणि दिव्यांगाला ती सारखीच होती. पंचवीस टक्क्यांची बेरीज कोणी मांडली नाही. विधवा भगिनीला कमी द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. तिचे १५०० रुपये महिनाअखेरपर्यंत पुरतात, असे मानणारा माणूस आम्हांला भेटलेला नाही. म्हणणे एवढेच की संसदेने लिहिलेले वाक्य आठ वर्षे पाळले गेले नाही आणि त्याबद्दल कोणाची झोप मोडली नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांची रक्कम २५०० रुपये केली, ती मागणी आणि आंदोलने झाल्यावर. त्याच वर्षी जूनमध्ये अचलपूरचे माजी आमदार बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले. त्यात शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांच्या मानधनाचीही मागणी होती. त्यांच्या राजकारणाविषयी आणि पद्धतीविषयी आमच्यातच दोन मते आहेत. पण हा प्रश्न निवडणुकीच्या सभेत बोलण्याच्या योग्यतेचा आहे, हे त्यांनी अनेक वर्षे दाखवले. इतर लोकप्रतिनिधींपैकी किती जणांविषयी असे म्हणता येईल?

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. आपल्या संसदेतही मंत्री नसलेल्या सदस्याला अशासकीय विधेयक मांडता येते. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ चौदा विधेयके कायदा होऊ शकली, आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे आहे. मॉरिस यांचा कायदा झाला त्याच वर्षी आपल्याकडे हा दरवाजा जवळजवळ बंद झाला. त्यानंतर शेकडो विधेयके मांडली गेली, छापली गेली, मुदतीबरोबर संपली. म्हणून आपल्या आमदार-खासदारांकडून नवा कायदा मागण्यापेक्षा असलेल्या कायद्याचा हिशेब मागणे आम्हांला अधिक फलदायी वाटते. आपल्या मतदारसंघात गेल्या वर्षी किती घरकुले मंजूर झाली, त्यांतली पाच टक्के कोणाला मिळाली आणि त्यांतल्या किती घरांत चाकाची खुर्ची आत जाऊ शकते, असा तारांकित प्रश्न विचारायला बहुमत लागत नाही.

ब्रिटनचा कायदा सर्वगुणसंपन्न होता, असे चित्र आम्ही रंगवणार नाही. इमारतींच्या प्रवेशमार्गांचे कलम 'व्यवहार्य आणि वाजवी असेल तेथवर' या शब्दांनी पोकळ केले होते; ज्याला करायचे नाही त्याला ते शब्द पुरले. १९७४ मध्ये मॉरिस अपंगांच्या प्रश्नांसाठी नेमलेले ब्रिटनचे पहिले मंत्री झाले. त्यांच्या काळात, १९७६ मध्ये, हिंडण्याफिरण्यासाठीचा भत्ता आणि घरी अपंगाची सेवा करणाऱ्यासाठीचा भत्ता सुरू झाला. या दुसऱ्या भत्त्यातून विवाहित स्त्रियांना मात्र वगळले होते. त्या घरीच असणार, मग त्यांना भत्ता कशाला, असा तो विचार! ही वगळणूक १९८६ मध्ये गेली. मेगन द्यू बॉइसनचा सवाल इतकी वर्षे उत्तराची वाट पाहत होता. आपल्या २०१६ च्या अधिनियमातही काळजी घेणाऱ्यासाठीच्या भत्त्याचा उल्लेख आहे. आमच्या परिचयातील एकाही आईच्या हाती तो आजवर पडलेला नाही.

आणखी एक धक्का १९९७ चा. पैशांची चणचण झाल्यावर एका परगण्याच्या प्राधिकरणाने एका वृद्ध, अपंग गृहस्थाची घरातील साफसफाई आणि धुण्याची मदत बंद केली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या न्यायपीठापुढे गेले. माणसाची गरज ठरवताना प्राधिकरणाला आपल्या तिजोरीचा विचार करता येईल, असे पाचपैकी तीन न्यायाधीशांनी म्हटले. गरज माणसाच्या अंगात असते की तिजोरीत, हा प्रश्न तेथे दोनास तीन मतांनी सुटला. मॉरिस त्याच वर्षी कॉमन्समधून निवृत्त होऊन लॉर्ड्‌समध्ये गेले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

हा निकाल वाचताना आम्हांला आपले ४१ वे अनुच्छेद पुन्हा काढून पाहावे लागले. 'आर्थिक क्षमता आणि विकास यांच्या मर्यादेत' हे शब्द त्यात आहेत. तेच शब्द २०१६ च्या अधिनियमाच्या चोविसाव्या कलमातही आले आहेत. राज्याला पळवाट ठेवली, असा यावर एक आक्षेप आहे. परंतु ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी या निदेशक तत्त्वांविषयी जे सांगितले होते त्याचा आशय असा, की यांचा भंग झाला तर सत्ताधाऱ्याला न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे तो द्यावाच लागेल. बाबासाहेबांनी हा भार आपल्यावर टाकला. आपण तो पेलला का? गावात उमेदवार येतो तेव्हा आपण समाजमंदिर मागतो, कमान मागतो, पेव्हर ब्लॉक मागतो. समाजमंदिराच्या पायऱ्यांवर कठडा मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

न्यायालयाने आपले काम काही प्रमाणात केले आहे. राजीव रतुरी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इमारतींच्या सुगमतेचे नियम शिफारशीपुरते ठेवणे हे मूळ अधिनियमाशी विसंगत आहे. पाळावेच लागतील असे किमान नियम सरकारने करावेत. मोजणीचे काम मात्र न्यायालय करू शकत नाही. १९९१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्नच विचारलेला नव्हता. २०११ मध्ये देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. २०२१ ची जनगणना झालीच नाही. कायद्यातील प्रकार सातांचे एकवीस झाले. हाती असलेली गणना मात्र त्याआधीची. शब्दही बदलला. अपंग गेला, दिव्यांग आला, आणि २०२२ च्या डिसेंबरात राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आला. नाव गौरवाचे असावे याला आमची हरकत नाही. आमचा मित्र मात्र या शब्दावर हसतो. "दिव्य काय ते मला अजून सापडले नाही, रॅम्प सापडला तर बरे," असे तो म्हणतो.

आता विद्यालयाविषयी. आपल्या संस्थेचे विद्यार्थी आज जिल्ह्याच्या बहुतेक गावांत आहेत. कोणी शिक्षक आहे, कोणी ग्रामसेवक, कोणी परिचारिका, तलाठी, अभियंता. कित्येक जण ग्रामपंचायतीचे सदस्य झाले आहेत. जी मोजणी करायला सरकारला वर्षे लागतात ती आपल्यापुरती करणे एवढ्या माणसांना जड नाही. आम्ही पाच जणांनी दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या वस्तीपासून सुरुवात केली. प्रश्न थोडेच होते. घरात कोणाला चालण्याला, दिसण्याला, ऐकण्याला, समजण्याला अडचण आहे का? ओळखपत्र आहे का? शाळेत नाव आहे का, आणि असल्यास मूल प्रत्यक्ष जाते का? घराच्या दारात पायऱ्या किती? पाच वस्त्यांत तेवीस व्यक्ती निघाल्या. त्यांतल्या नऊ जणांकडे ओळखपत्र नव्हते. चार मुलांची नावे पटावर होती, पण मुले घरी होती. एका घरी आम्हांला "कोणी नाही" असे सांगितले आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून आवाज आला. आईने मान खाली घातली. तिला आम्ही काय विचारणार? ज्या समाजाने इतकी वर्षे तिच्या मुलाला शाप म्हटले, त्या समाजापासून ती त्याला जपत होती.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ही यादी घेऊन आम्ही दोन गावांच्या ग्रामसभेत गेलो. एका गावात त्या रकमेतून आजवर दिवाळीला मिठाईचे डबे वाटले गेले होते. आता त्यातून शाळेच्या शौचालयाला कठडा बसवायचे ठरले आहे. दुसऱ्या गावी पुढच्या सभेत पाहू, असे उत्तर मिळाले. पुढच्या सभेची तारीख आम्ही लिहून घेतली आहे.

पालकांना आमची विनंती आहे की वसतिगृहाच्या प्रवेशासाठी येताना घरी ठेवलेल्या मुलाचेही नाव आणावे. आणि संस्थेच्या संचालक मंडळाला विनंती अशी की असे नाव आले तर 'आमच्याकडे सोय नाही' हे उत्तर देण्याऐवजी कोणती सोय लागेल हे त्या मुलालाच विचारावे. आम्ही चार वर्षे विचारले नव्हते.

गेल्या महिन्यात आमचा मित्र मोजपट्टी घेऊन विद्यालयात आला होता. वसतिगृहाचे जोते अजून तेवढेच आहे, अडीच फूट. म्हणजे रॅम्प तीस फुटांचा. दारापासून सरळ रेषेत एकविसाव्या फुटावर आपला जुना कडुनिंब येतो. तो तोडायला त्याने साफ नकार दिला. त्याच्याच सावलीत तो आमची वाट पाहत बसत असे. म्हणून कडुनिंबाच्या अलीकडे पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवून तेथून रॅम्प डावीकडे, हौदाच्या बाजूला वळवायचा आहे. नकाशा त्याने स्वतः काढला आहे, आणि तो कार्यालयात मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आहे.